दुपट्ट्याखालचा भाव

पांढुर्ण्यात मला ओळखणारी माणसं दोन तऱ्हेची आहेत. एक, ज्यांना वाटतं की नगरपालिकेतल्या या बाईचं डोकं फिरलंय. दुसरी, ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी सायकल पडून आहे. पहिल्यांचं मी मनावर घेत नाही, आणि दुसऱ्यांच्या घरी न बोलावता चहाला जाते.

मला जुन्या सायकलींचा नाद आहे. नाद म्हणजे आणून ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, तसला नाही. मी त्या पूर्ण सोडते, घासते, रॉकेलात बुडवते, तेलपाणी करते आणि पुन्हा बांधते. सुट्टीच्या दिवशी पदर खोचून अंगणात बसले की संध्याकाळपर्यंत माझी बोटं काळी असतात आणि घरातल्यांची तोंडं लाल. तीन सायकली आहेत माझ्याकडं, आणि त्यातल्या एकीवरून मी रोज ऑफिसला जाते. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात साहेब वाढले, साहेबांच्या मागोमाग गाड्या वाढल्या. त्या गाड्यांच्या रांगेत माझी सायकल उभी असते. उगाच नम्रपणा कशाला करू, त्या रांगेत सगळ्यात देखणी तीच असते.

चौथीची बातमी लागली ती सौसरकडून. तिथून जवळच्याच एका गावात, संत्र्याचा बगीचा असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं त्याच्या वडिलांच्या वेळची विलायती सायकल आहे आणि ती विकायची आहे, असं ऑफिसातल्या एकानं सांगितलं. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला आणि माझी दुपारची भूक मेली. ब्रेकला तारा नव्हत्या, दांड्या होत्या. चेन पुढून मागून पूर्ण पत्र्यात झाकलेली. सीट खऱ्या कातड्याची, खाली जाड स्प्रिंगा. मूळचा काळा रंग, त्यावर सोनेरी रेघ, आणि ती रेघ अजून शाबूत. इतक्या वर्षांत कोणी तिला रंग मारलेला नव्हता. जुनी सायकल खराब होते ती उन्हापावसानं कमी आणि हौशी माणसानं मारलेल्या निळ्या रंगानं जास्त, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न एकच होता, द्यायचे किती?

नव्या सायकलीचं सोपं असतं, दुकानात चिठ्ठी लावलेली असते. जुनीला चिठ्ठी नसते. भंगारवाल्याला विचारा, तो काही न बोलता वजनकाटा काढतो. मोबाईलवर बघा, तिथं पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी असे आकडे लिहून ठेवलेले असतात की तेवढ्यात आमच्याकडं बैलजोडी यावी. त्यात नागपूरचा एक माणूस हल्ली गावोगाव फिरतो, जुन्या सायकली उचलतो आणि हॉटेलवाल्यांना भिंतीवर टांगायला विकतो. चाकं असलेली वस्तू भिंतीला टांगायची! त्या माणसाचं नाव निघालं तरी माझं डोकं तापतं. त्यानं या सायकलीला पंधरा हजार लावल्याचंही कानावर आलं होतं. मी स्वतःशी दहा ठरवले. त्याच्यावर एक रुपया नाही. का दहा, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या शेतकऱ्याला फोन लावला. मी त्यांना काकाजी म्हणाले, आमच्याकडं तसंच म्हणतात. सायकलीचं बोलायच्या आधी त्यांना माझा पत्ता हवा होता.

"कुठून बोलून राहिली, बाई?"

"पांढुर्ण्याहून. पन माहेर सौसरचं हाय."

"सौसरात कोनाच्या घरची?"

बाबा बैलबाजारात दलाल होते, असं मी सांगितलं.

"पांढऱ्या दुपट्ट्यावाले दलाल?"

"हाव."

"अरे, मंग भाव तू काहून करशीन? बापाले घेऊन ये."

बाबांना लकवा झालाय, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, असं मी सांगितलं. पलीकडून विचारलं, "आयकू येते ना?" मी म्हटलं, येतं. "मंग आन," ते म्हणाले. "मंगळवार-शनवार सोडून ये. जामसांवलीच्या मारुतीच्या गर्दीत ऑटो फसून जाते."

आता बाबांबद्दल सांगायला हवं, आणि ते मी मान वर करूनच सांगते. आमच्या भागातल्या बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. विकणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातावर दुपट्टा टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पूर्ण पंजा धरला की पाच, तळहातावर अंगठा दाबला की वरचा अर्धा. शेकडे की हजार, एवढंच आधी मोठ्यानं बोलायचं. मग बोटं बोलत राहतात आणि भोवती जमलेल्या माणसांना काही कळत नाही. दलाल एकदा विकणाऱ्याच्या हातात, एकदा घेणाऱ्याच्या हातात, असा फिरत राहतो. भाव जुळला की दुपट्टा झटकून खांद्यावर. बाबांचा दुपट्टा खांद्यावर गेला की सौदा मोडायची कोणाची छाती नव्हती, असं सौसरात अजून बोलतात.

आम्ही बौद्ध. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, बाबा बाजारात शिरले. कोणी शिकवलं नाही, पाहून पाहून शिकले. त्या काळात ज्या घरांत बाबांना ओट्याच्या खाली बसवत, पाणी वरून ओतत, त्याच घरची माणसं बाजाराच्या दिवशी त्यांच्या बोटांत बोटं अडकवून बसत. दुपट्ट्याखाली विटाळ नव्हता. बाबा हे हसून सांगायचे. मला मात्र ते ऐकताना राग यायचा आणि त्या रागाच्या वर अभिमान यायचा. माझ्या बापाचा हात धरल्याशिवाय त्यांचा बैल दावणीवरून सुटत नव्हता.

बाजारातला भाव बाबांनी घरी कधी सांगितला नाही. आईनं विचारलं तरी नाही. दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखाली राहिलं पाहिजे, नाहीतर उद्या कोण हात देईल, असं म्हणायचे. मी पोरगी, बैलबाजारात पोरींना काय काम? तो बाजार मी रस्त्यावरूनच पाहिला.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बाबांना झटका आला. उजवा हात लोंबकळू लागला, उजवा पाय घासत चालू लागला, आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं, एक शब्द राहिला. बारा. कुठून आला, का आला, कोणास ठाऊक. पोळ्या किती वाढू? बारा. वाजले किती? बारा. आज वार कोणता? तेही बाराच. भूक लागली तरी बारा, राग आला तरी बारा. नातेवाईक बघायला यायचे, मुद्दाम आकड्याचं काहीतरी विचारायचे आणि उत्तर ऐकून एकमेकांकडं बघायचे.

घरात यावरून दोन पक्ष पडले. नागपूरला राहणारा माझा भाऊ म्हणायचा की बाबांचा हिशोब गेला, डोक्यातलं सगळं पुसलं, आता त्यांना काही विचारून त्रास देऊ नका. हे तो बाबांच्या समोर बसून म्हणायचा. वाईट मनानं नाही, पण म्हणायचा. आई म्हणायची, "सगळं समजते त्यायले." समजतं कशावरून, ते तिला दाखवता यायचं नाही. मी अधेमध्ये. मला आईचं खरं वाटावं असं फार वाटायचं, पण ते बारा ऐकलं की भावाचं खरं वाटायचं. हळूहळू घरात बाबांना विचारणं बंद झालं. ज्या माणसाला विचारल्याशिवाय बाजारात जोडी हलत नव्हती, त्याला आज भाजी कोणती करू हेही कोणी विचारत नव्हतं. जेवायला वाढायचं, उन्हात बसवायचं, सावलीत आणायचं. ते फार शांत झाले होते, आणि ती शांतता मला बघवत नव्हती.

म्हणून मी त्यांना नेलं ते दलाल म्हणून नेलं, असं म्हणणार नाही. ओळखीच्या माणसाकडं जातील, चार चेहरे बघतील, तेवढंच. आईनं मात्र त्यांना नवरदेवासारखं सजवलं. दाढी करवली, पांढरा सदरा घातला. ऑटोत बसवून झाल्यावर ती आत पळाली आणि पेटीतला दुपट्टा घेऊन आली. "उघड्या खांद्यानं कुठं गेले नाई ते कधी," म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवून हातानं सारखा केला.

वाटेत दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. मी बडबडत होते, कोणीतरी बोलायला हवं म्हणून. सायकल कशी आहे ते सांगितलं, नागपूरवाल्याचं सांगितलं, त्याला दोन शिव्या घातल्या. "बाबा, माझ्या मनात दहा हजार हाय. त्याच्यावर मी जानार नाई," असंही सांगितलं. बाबा बगीच्यांकडं बघत होते. "बारा," म्हणाले. मी म्हटलं, "बारा नाई, दहा." आणि स्वतःलाच हसले.

काकाजी अंगणात खाट टाकून वाट बघत होते. बाबांपेक्षा थोडे लहान असतील, पण काठी आलेली. पुढं येऊन मोठ्यानं म्हणाले, "राम राम, दलालभाऊ!" बाजारात बाबांची रीत ठरलेली होती, समोरचा राम राम म्हणाला की हे जय भीम म्हणायचे, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. आता बाबांनी नुसता डावा हात वर केला. उत्तर येत नाही हे बघून काकाजींनी तेही आपणच देऊन टाकलं, "जय भीम, जय भीम, बसा." खाटेवर बसवलं, उशाला लोड दिला. ओट्याच्या खाली नाही, मी ते बघितलंच. पाणी आलं ते स्टीलच्या पेल्यात, हातात.

सायकल कडुनिंबाला टेकवून ठेवली होती. मी तिच्यापाशी उकिडवी बसले आणि माझं भान हरपलं. नळीखालचा नंबर नखानं खरवडून पाहिला, होता. रिमला गंज होता, पण वरवरचा. पुढची घंटी बदललेली. पायडलं आपल्याकडची, मूळची नव्हेत. मागचं मडगार्ड एका जागी चेपलेलं. सीटचं कातडं सुकलं होतं, पण फाटलं नव्हतं, तेल पाजलं तर दोन महिन्यांत बोलू लागलं असतं. मी चाक उचलून फिरवलं. फिरलं, आणि किती तरी वेळ फिरत राहिलं.

"माझ्या बापानं यावरून सौसरचा बाजार कधी चुकवला नाई," काकाजी म्हणाले. "बोल, किती देते?"

"तुमीच सांगा, काकाजी."

"घेनार तू हाय. तू सांग."

"विकनार तुमी हाय."

असं आमचं चाललं. आधी आकडा तोंडातून काढेल तो बुडाला, हे दोघांनाही ठाऊक. मग काकाजींनी नागपूरवाल्याचं काढलं. तो पंधरा देऊन राहिला, उद्या टेम्पो घेऊन येते म्हणते. मी म्हटलं, पायडलं बदललेली हाय, मडगार्ड चेपलेलं हाय, पंधरा कशाचे? ते म्हणाले, मंग नको घेऊ. मी म्हटलं, नाही तर नाही. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. सायकल हातची चालली हे मला दिसत होतं आणि तरी जीभ आवरत नव्हती. आमच्या घरात शांत स्वभाव फक्त बाबांचा.

तेवढ्यात खाट कुरकुरली. बाबा पुढं सरकले होते. डाव्या हातानं ते खांद्यावरचा दुपट्टा ओढत होते. तो उजव्या बाजूला अडकला होता, सुटेना. मला वाटलं उकडतंय त्यांना. मी काढायला पुढं झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. मीच ओढणार, असं. दुपट्टा निघाला. तो त्यांनी आपल्या डाव्या हातावर टाकला, नीट पसरला, आणि तो हात काकाजींच्या पुढं धरला.

काकाजींचा राग कुठं गेला कळलं नाही. ते काठी ठेवून बाबांच्या समोर, मातीतच मांडी घालून बसले. आपला उजवा हात त्यांनी दुपट्ट्याखाली घातला आणि थांबले. डाव्या हाताची बोटं उजव्या हातात नीट बसेनात. अंगठे एकाच बाजूला येत होते. शिवाय सौद्याला डावा हात कोणी देत नाही, घेतही नाही. डावा हात कशासाठी असतो ते सगळ्यांना माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं. त्यांची मान खाली गेली आणि हात मागं येऊ लागला.

काकाजींनी आपला उजवा हात बाहेर काढला. सदऱ्याला पुसला, का पुसला कोणास ठाऊक. आणि डावा हात दुपट्ट्याखाली घातला.

"हजारात बोलू, दलालभाऊ," ते म्हणाले.

मग दुपट्टा हलू लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते, आणि बघण्यासारखं काही नव्हतंच. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसलेली आणि मधे एक पांढरं कापड थोडं थोडं हलतंय. काकाजींनी मान हलवली, नाही. बाबांनी ओठ मुडपले. पुन्हा कापड हललं. बाबांचा चेहरा बदलला होता. दोन वर्षं ज्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, त्यावर बाजारातला जुना साळसूद भाव आला होता, जणू या सायकलीत त्यांना काडीचा रस नाही, उगाच आपलं बसलेत.

आणि मग ते बोलले. मोठ्यानं, स्पष्ट. "बारा!"

झालं, आता सगळं फिसकटलं. इथं हजारांची बोली चालू आहे आणि यांच्या तोंडून बारा गेले. काकाजी बारा हजार धरून बसतील, नाहीतर त्यांना कळेल की या माणसाच्या डोक्यात काही उरलं नाही, आणि मग तो डावा हात ते हळूच काढून घेतील. ते मला बघवलं नसतं. मी घाईघाईनं म्हणाले, "काकाजी, ते मनावर नका घेऊ. त्यायच्या तोंडातून सगळ्याले बाराच निघते. बिमारीनं."

काकाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मीच काहीतरी येड्यासारखं बोलले.

"तोंड काय बोलून राहिलं ते आयकून कोन राहिलं, बाई?" ते म्हणाले. "दलालाचं तोंड बाजारात कधी खरं बोललं का? हा तुझा बाप तोंडानं पन्नास ओरडे आन हातात तीस दे. त्यायचं तोंड पयल्यापासून खोटंच हाय. हात काय म्हन्ते ते पाह्य."

बाबा हसले. अर्ध्याच तोंडानं हसता येतं त्यांना, पण ते त्या अर्ध्या तोंडानं असे हसले की मला भरून आलं. दोन वर्षं आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो होतो. आई, भाऊ, मी, येणारेजाणारे, सगळे. ज्या माणसानं जन्मभर तोंडानं खोटं आणि हातानं खरं सांगितलं, त्याचा हात हातात घ्यायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं, कारण ते बाजारातलं काम, आणि आम्ही घरातले.

थोड्या वेळानं काकाजी म्हणाले, "हाव. चालते." पण बाबांनी दुपट्टा खांद्यावर टाकला नाही. ते माझ्याकडं वळले आणि दुपट्ट्यासकट हात माझ्यापुढं धरला.

मला कळेना. काकाजी म्हणाले, "घेनार तू हाय ना? तुले नाई सांगन का? हात घाल."

मी हात घातला. डावा घातला, बघून शिकले होते. बाबांचा हात गरम होता. त्यांनी आधी माझा पूर्ण पंजा धरला आणि सोडला. मग तीन बोटं धरली. मग तळहातावर अंगठा दाबला, चांगला जोरात. पाच आणि तीन, वर अर्धा. साडेआठ हजार.

माझ्या दहाच्या आत. ऑटोत मी दहा म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, धरून ठेवलं होतं, आणि काकाजींना पंधरावरून ओढत ओढत तिथं आणलं होतं जिथं मलाही परवडेल आणि त्यांनाही कमीपणा वाटणार नाही. मला किती द्यावे ते उमगत नव्हतं, त्याचं उत्तर माझ्या तळहातावर होतं.

पण मीही त्यांचीच लेक. मला वाटलं, बघू तरी. मी त्यांचा पंजा धरला, तीन बोटं धरली, आणि अंगठा दाबलाच नाही. आठ. वरचा अर्धा नाही. बाबांनी दुपट्ट्याखाली माझ्या हातावर चापट मारली. लहानपणी खावी तशी खरीखुरी चापट. आणि पुन्हा अंगठा दाबला. साडेआठ म्हणजे साडेआठ. मी म्हटलं, "हाव, बाबा. चालते."

तेव्हा दुपट्टा खांद्यावर गेला.

काकाजींना मी सहज विचारलं, "मंग नागपूरवाल्याचे पंधरा?" ते काठी शोधत उठले. "तेबी तोंडचंच," म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. आता तुम्हाला आकडा सांगून टाकला, हे बाबांना आवडणार नाही. पण माझ्या बापानं केलेला सौदा आहे. मी गावभर सांगणार.

मी पैसे दिले. काकाजींनी कपाळाला लावले, आत जाऊन आले, आणि बाबांच्या समोर उभं राहून दोनशे रुपये पुढं केले. "घ्या दलालभाऊ, दलाली." ते मेहेरबानी केल्यासारखं नव्हतं, बाजारात देतात तसं, हिशोबाचं होतं. बाबांनी घेतले. बोटांनी नोटा चाचपल्या, दोन आहेत याची खात्री केली. सदऱ्याचा खिसा डाव्याच बाजूला, आणि हातही डावाच, वाकवून वाकवून खिशात जाईना. मी मदतीला सरसावले तर काकाजींनी डोळ्यानंच थांबवलं. वेळ लागला, पण गेले पैसे खिशात. झटका आल्यापासूनची त्यांची पहिली कमाई.

मी सायकल ऑटोच्या मागं बांधायच्या तयारीला लागले. बाबांना म्हटलं, चला. ते उठले नाहीत. हात पुढं केला, तळवा वर. मला वाटलं उठायला आधार हवाय. मी हात धरायला गेले, त्यांनी माझा हात झटकला आणि पुन्हा तळवा वर करून धरला.

काकाजी खो खो हसायला लागले. "अव बाई, दलाली दोन्हीकडून असते. विकनाऱ्याची झाली. घेनाऱ्याची कोन देईन?"

"मी लेक हाय त्यायची!"

"सौद्यात लेक-बिक नसते."

बाबांकडं बघितलं. चेहरा एकदम गंभीर. मला भरून आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. दलालासमोर दाखवायचं नसतं. पर्समधून शंभराची नोट काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी नोटेकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. हात तसाच पुढं, तळवा उघडा. काकाजींनी दोनशे दिले होते.

"बारा," बाबा म्हणाले, अगदी शांतपणे.

मी आणखी शंभर ठेवले. तेव्हा कुठं मूठ मिटली.